अकाउंट एकाचं, नोंद घरातल्या सगळ्यांची

प्रश्न थोडक्यात असा आहे: टीव्ही, स्पीकर, दारावरचा कॅमेरा, हातातलं घड्याळ, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला मोशन सेन्सर, सगळंच आता नेटला जोडलेलं असतं, साध्या माणसाकडे लपवण्यासारखं काही नसतं, मग याचे सामाजिक परिणाम होतात म्हणतात ते नेमके कसले, आणि काळजी करण्यासारखं त्यात किती आहे.

मी बरीच वर्षं अशा वस्तूंच्या फर्मवेअरवर काम करतोय, म्हणजे वस्तूच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, आणि त्या कामाचा मोठा भाग म्हणजे वस्तू सर्व्हरला काय पाठवते, कधी पाठवते आणि ते किती दिवस तिथे पडून राहतं हे बघणं. त्यावरून झालेलं मत आधीच सांगतो. सगळी चर्चा "कंपनी माझं बोलणं ऐकते का" यावर अडकते आणि त्याहून मोठी गोष्ट बाजूला राहून जाते. वस्तू विकत घेणारा एक असतो, "मला मान्य आहे" हे बटण तोच दाबतो, अ‍ॅप त्याच्याच फोनवर असतं, पण नोंद होते ती घरात राहणाऱ्या, कामाला येणाऱ्या, पाहुण्या म्हणून येणाऱ्या आणि नुसत्या दारावरून जाणाऱ्या सगळ्यांची. त्यांना कुणी विचारलेलं नसतं आणि बरेचदा सांगितलेलंही नसतं. परिणाम म्हणतात त्यातला बराचसा भाग इथून सुरू होतो.

आधी डेटाचं बघू, कारण लोकांना वाटतं की आवाज किंवा व्हिडिओ गेला तरच खासगी काहीतरी गेलं. पण नुसती वेळ आणि एक आकडा एवढंही पुरतं. विजेचं मीटर घ्या. १९८०च्या दशकात एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी दाखवून दिलं होतं की घराच्या मुख्य लाइनवरचा वापर बारकाईने मोजला तर कुठलं उपकरण कधी चालू झालं आणि कधी बंद झालं हे वेगळं काढता येतं, प्रत्येक उपकरणाला सेन्सर लावायची गरज नाही, कारण फ्रीजचा कॉम्प्रेसर, हीटर, मोटर, प्रत्येकाची वीज ओढायची तऱ्हा वेगळी असते. आणि महत्त्वाचं म्हणजे १९८९मध्ये त्यांनीच लिहून ठेवलं की ही पद्धत पाळत ठेवायला वापरता येईल. पुढे २००९मध्ये नेदरलँड्सच्या सिनेटने स्मार्ट मीटर सक्तीचे करायला नकार दिला तो याच मुद्द्यावर. अमेरिकेत २०१८मध्ये एका फेडरल अपील कोर्टापुढे असंच प्रकरण होतं, तिथे एका शहराची वीजव्यवस्था दर १५ मिनिटांनी रीडिंग घेत होती. कोर्टाने मान्य केलं की अशा रीडिंगमधून घराच्या आत काय चाललंय ते कळतं आणि म्हणून सरकारने ते घेणं ही एक प्रकारची झडतीच आहे. त्या प्रकरणात उद्देश वीजपुरवठा सुधारण्याचा होता, गुन्हे शोधण्याचा नव्हता, म्हणून ती झडती वाजवी ठरवली, पण मुद्दा मान्य झाला तो झालाच. आता एका मीटरवरून एवढं कळतं, तर दार, दिवे, टीव्ही, वजनकाटा, घड्याळ सगळं एकत्र केल्यावर कोण कधी उठतं, कोण रात्री जागं असतं, कोण आजारी आहे, घरात भांडण झाल्यावर कोण दुसऱ्या खोलीत झोपायला लागलंय हे सांगायला मायक्रोफोनची गरज उरत नाही.

"पण डेटा निनावी असतो ना" हे नेहमी येतं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १५ लाख लोकांच्या मोबाइल लोकेशनच्या नोंदी तपासल्या होत्या आणि जागा व वेळ माहीत असलेले फक्त ४ बिंदू ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरले होते, आणि लोकेशनसुद्धा जीपीएसइतकं बारीक नव्हतं, नुसता टॉवरचा पट्टा आणि तास. घर आणि कामाची जागा हे दोन बिंदू तर कुणाचेही शोधता येतात. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने २०१७च्या शेवटी जगभरातल्या धावण्याचा एकत्रित नकाशा काढला, त्यात कुणाचं नाव नव्हतं, तरी २०१८च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की निर्जन वाळवंटात उजळून दिसणाऱ्या रेषा म्हणजे लष्करी तळांच्या आतले धावायचे रस्ते आहेत. प्रत्येक सैनिकाने आपापलं घड्याळ आपापल्या मर्जीने घातलं होतं, उघडा पडला तो अख्खा तळ. म्हणून एकट्या माणसाने "माझं काही लपवायचं नाही" म्हणून विषय संपत नाही, कारण ती परवानगी तो दुसऱ्यांच्या वतीनेही देऊन बसतो.

आता घराच्या आतलं, जिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. या बहुतेक वस्तूंची रचना एक मालक आणि बाकीचे वापरणारे अशी असते. ज्याने पहिल्यांदा पेअरिंग केलं, म्हणजे वस्तू आपल्या फोनला जोडली, तो अ‍ॅडमिन. कुलूप, कॅमेरा, थर्मोस्टॅट, स्पीकर, सगळ्याच्या नोंदी त्याला दिसतात, परवानग्या तोच देतो, तोच काढतो, आणि घराबाहेर असूनही. घरातलं नातं सरळ असेल तर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ते बिघडलं की तीच वस्तू हत्यार बनते. घरगुती छळाच्या केसेसवर काम करणाऱ्या संस्थांकडे अशा तक्रारी गेली बरीच वर्षं येतायत, घर सोडून गेलेला जोडीदार बाहेरून तापमान बदलतो, मध्यरात्री दिवे लावतो, स्पीकरवर मोठ्याने काहीतरी वाजवतो, दाराचा कोड बदलतो, कोण आलं गेलं ते बघत राहतो, आणि आत राहणाऱ्या बाईला बऱ्याचदा हे सिद्धही करता येत नाही कारण अ‍ॅपच तिच्याकडे नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर स्वतंत्र संशोधन चालतं. इथे कुठलंही हॅकिंग नाही, सिक्युरिटी एकदम चोख आहे, पासवर्ड मजबूत आहे, एन्क्रिप्शन आहे, सगळं जसं ठरवलं तसंच चाललंय, फक्त ठरवताना घरातले सगळे एकमेकांशी नीट वागतात असं गृहीत धरलं होतं.

ट्रॅकर टॅगचं, म्हणजे किल्ल्या, बॅग असं हरवलं तर शोधायला लावतात त्या छोट्या चकतीचं उदाहरण तर डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं. २०२१च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलचा एअरटॅग आला. त्याची आतली रचना खरंच सुंदर आहे, टॅग ब्लूटूथवर एक बदलत राहणारी डिजिटल किल्ली प्रसारित करतो, जवळून जाणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसाचा आयफोन ती पकडतो, स्वतःचं लोकेशन त्या किल्लीने कुलूपबंद करून सर्व्हरवर टाकतो, आणि ते फक्त टॅगच्या मालकालाच उघडता येतं, अ‍ॅपललासुद्धा वाचता येत नाही. मालकाची प्रायव्हसी पक्की. पण कुणी तो टॅग दुसऱ्याच्या पर्समध्ये किंवा गाडीत सरकवला तर? जिच्यावर पाळत आहे तिचा या सगळ्या हिशोबात कुठेच विचार नव्हता असं नाही, आयफोन असेल तर सूचना यायची, पण अँड्रॉइड फोन असलेल्यांना सुरुवातीला फोनवर काहीच कळत नव्हतं, डिसेंबर २०२१मध्ये एक अ‍ॅप आलं तेही आपण स्वतः उघडून शोध घ्यायचा असं. म्हणजे ज्याला संशयच नाही तो कशाला शोधेल? २०२३च्या जुलैमध्ये गूगलने अँड्रॉइडवर एअरटॅगची आपोआप सूचना सुरू केली, आणि शेवटी २०२४च्या मे महिन्यात अ‍ॅपल आणि गूगलने मिळून दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या टॅगची आपोआप सूचना येईल अशी सोय केली. म्हणजे अँड्रॉइडवाल्यांना नुसत्या आपोआप सूचनेसाठीही दोन वर्षांहून जास्त थांबावं लागलं. त्या काळात काय झालं असेल ते ज्यांच्या बाबतीत झालं त्यांनाच माहीत.

शेजारी आणि रस्त्यावरून जाणारे लोक ही आणखी एक विसरलेली मंडळी. दारावरचा कॅमेरा लावणारा आपलं दार राखत असतो पण कॅमेरा समोरच्या दाराकडे, रस्त्याकडे, दुसऱ्याच्या अंगणाकडे बघत असतो. युरोपियन न्यायालयाने २०१४मध्येच सांगितलं की घरचा कॅमेरा सार्वजनिक जागा टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती वापर म्हणून कायद्यातून सुटत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात २०२१ला एका घरमालकाविरुद्ध निकाल लागला, त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कोर्टाने चित्रापेक्षा आवाजाचं रेकॉर्डिंग जास्त गंभीर मानलं, कारण ते बरंच लांबून पकडलं जात होतं आणि चालता चालता दोन माणसं काय बोलतायत ते त्यांच्या नकळत साठत होतं. कॅमेऱ्याचा कोन लोक बघतात, मायक्रोफोनचा पल्ला कुणी बघत नाही.

२०१३मध्ये लंडनमधल्या एका कंपनीने रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये यंत्र बसवून जवळून जाणाऱ्या फोनचे वाय-फाय पत्ते नोंदवायला सुरुवात केली होती. बातमी फुटल्यावर तिथल्या प्रशासनाने ते थांबवायला लावलं. पण खरा उपाय पुढच्या वर्षापासून आला, जेव्हा फोनच नेटवर्क शोधताना खोटा, बदलता पत्ता सांगायला लागले. मी हे मुद्दाम सांगतोय कारण "लोकांनी सावध राहावं" हा सल्ला अशा ठिकाणी पोकळ आहे, चालणाऱ्या माणसाने काय करायचं होतं, फोन घरी ठेवायचा? बदल वस्तू बनवणाऱ्यांनीच करायचा होता आणि त्यांनी केला तेव्हा तो सगळ्यांना लागू पडला, ज्यांना हा विषय माहीतसुद्धा नाही त्यांनाही.

आणि आता तर अंगावर काहीच नसलं तरी चालतं. एमआयटीत २०१३मध्ये दिना कताबी यांच्या गटाने वाय-फायच्या लहरी परत येताना कशा बदलतात त्यावरून भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल ओळखून दाखवली, पुढे श्वासोच्छ्वासापर्यंत गेले. वाय-फायच्या स्टँडर्डमध्ये हे सेन्सिंग आणायचं काम ८०२.११बीएफ या नावाने झालंय. आजारी माणूस पडला तर कळावं यासाठी हे फार उपयोगाचं आहे, कॅमेरा लावण्यापेक्षा कितीतरी बरं, हे मी मनापासून म्हणतो. पण राउटर ज्याचा त्याला शेजारची खोलीही दिसू शकते, आणि त्या खोलीतल्या माणसाला बंद करायला काही बटण नाही. जुनी आठवण म्हणजे १९९०च्या आसपास केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत लोक छातीवर एक बॅज लावून फिरायचे, इमारतीत कोण कुठे आहे ते त्यावरून कळायचं, फोन त्या खोलीत जोडून द्यायचे. तो इन्फ्रारेडवर, म्हणजे भिंत किंवा लाकूड न भेदणाऱ्या अदृश्य प्रकाशावर चालायचा, त्यामुळे काढून ड्रॉवरमध्ये टाकला की तुम्ही दिसेनासे. इतका साधा नकार आता शिल्लक राहिलेला नाही.

नोंदी किती खऱ्या असतात याबद्दल फारच कमी बोललं जातं. अमेरिकेत कनेटिकटमध्ये २०१५ला झालेल्या एका खुनाच्या खटल्यात मृत महिलेच्या फिटबिट या हालचाल मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदी पुराव्यात होत्या, नवऱ्याने जी वेळ सांगितली त्यानंतरही तिची हालचाल झालेली दिसत होती, २०२२मध्ये त्याला दोषी ठरवलं. तिथे वकील, तज्ज्ञ, उलटतपासणी, इतर पुरावे सगळं होतं. घरात किंवा ऑफिसात तसं काही नसतं, तिथे अ‍ॅप जे सांगेल ते शेवटचं. आणि आतून बघणारा माणूस म्हणून सांगतो, लॉगवर, म्हणजे वस्तूने ठेवलेल्या नोंदींवर, इतका विश्वास ठेवू नका. स्वस्तातला मोशन सेन्सर उष्णतेची हालचाल ओळखतो, माणूस ओळखत नाही, शांत बसून वाचणारी किंवा झोपलेली व्यक्ती त्याच्या लेखी खोलीत नसते. नेट गेलं की काही वस्तू नोंदी साठवून ठेवतात आणि नेट आलं की एकदम पाठवतात, आणि सॉफ्टवेअर आळशीपणे लिहिलेलं असेल तर सर्व्हरला मिळाली ती वेळ घटनेची वेळ म्हणून छापली जाते. वस्तूचं घड्याळ मागेपुढे होतं. हाताच्या झटक्याला घड्याळ पाऊल म्हणतं आणि ढकलगाडीचा दांडा धरून चालणाऱ्याची पावलं मोजतच नाही. दार उघडलं एवढं सेन्सरला कळतं, कुणी उघडलं ते आपण ठरवतो. आता कल्पना करा की आजीची काळजी घेणाऱ्या बाईला दुपारी दोन तास खोलीत हालचाल नव्हती म्हणून जाब विचारला जातोय, आणि ती बिचारी झोपलेल्या आजीशेजारी बसून होती. तिच्याकडे तिच्या बाजूचा लॉग नाही, अ‍ॅप मालकाकडे, ग्राफ मालकाकडे, शब्दही त्याचाच. पूर्वी संशय आला तर विचारायचे आणि समोरच्याचं ऐकून ठरवायचे, आता आधी आकडा येतो आणि माणसाचं म्हणणं नंतर सफाई म्हणून ऐकलं जातं. कामाच्या ठिकाणच्या नात्यांवर याचा परिणाम फार खोल आहे आणि तो कुठल्याही सिक्युरिटी अपडेटने सुटणारा नाही.

डेटा एका कामासाठी घेतला आणि दुसरीकडे पोचला हा प्रकार आता बऱ्याच जणांना माहीत झालाय त्यामुळे थोडक्यात. व्हिझिओ कंपनीचे १ कोटीहून जास्त टीव्ही पडद्यावर काय चाललंय ते ओळखून मालकांच्या नकळत कळवत होते, २०१७मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेशी २२ लाख डॉलरवर तडजोड झाली. २०२४मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांमधून जोरात ब्रेक मारणं, वेग, रात्रीचं ड्रायव्हिंग अशा नोंदी डेटा विकणाऱ्या कंपन्यांकडे आणि तिथून विमा कंपन्यांकडे जात होत्या हे उघड झालं, काहींचे हप्ते वाढल्यावर त्यांना कळलं. प्रायव्हसीच्या अभ्यासक हेलन निसेनबॉम यांनी २००४मध्ये मांडलेली गोष्ट मला इथे सगळ्यात पटते, की माहिती गुप्त आहे का हा प्रश्न अपुरा आहे, ती ज्या संदर्भात दिली त्याच संदर्भाच्या नियमांनी पुढे जाते का ते बघा. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरकडे ठीक आहे, तेच मालकाला कळलं तर अन्याय, माहितीत एका अक्षराचाही फरक नसताना.

सुरक्षेचा भाग मी इथे आवरता घेतो, तो तुलनेने सुटत चाललाय. २०१६मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून असे सगळ्यांना सारखे पासवर्ड कायद्यानेच बंद आहेत. कायदा इथे चालतो कारण नियम स्पष्ट लिहिता येतो. "घरातल्या दुसऱ्या माणसाला त्रास होऊ नये" हा नियम लिहिणं अवघड आहे म्हणून तो मागे पडतो.

मग करायचं काय. सगळं काढून टाका असं मी सांगणार नाही, माझ्या घरातही बऱ्याच वस्तू आहेत. वस्तू लावायच्या आधी त्या खोलीत जे राहतात त्यांना विचारा, नुसतं सांगू नका, विचारा, आणि त्यात लहान मुलंही आली, कारण हातातलं घड्याळ लोकेशन पाठवतं हे मुलाला माहीत नसेल तर ज्या दिवशी कळेल त्या दिवशी त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो. जर्मनीने २०१७च्या नोव्हेंबरमध्ये बाहेरून गुपचूप ऐकता येणारी मुलांची घड्याळं विकायलाच बंदी घातली, काही पालक त्यातून वर्गातल्या शिक्षकांचं बोलणं ऐकत होते. घरात दुसरा मोठा माणूस असेल तर त्यालाही अ‍ॅडमिन करा, ज्या वस्तूत दुसरा अ‍ॅडमिन करता येत नाही ती मी घेत नाही. दारावरच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवा आणि त्याच्या सेटिंगमध्ये रस्त्याचा भाग झाकायची सोय असते ती वापरा. नोंदी किती दिवस ठेवायच्या तो आकडा शोधा आणि कमीत कमीवर आणा. कामाला येणाऱ्यांना कॅमेरा कुठे आहे ते पहिल्या दिवशी दाखवा, आणि जिथे ते कपडे बदलतात किंवा विश्रांती घेतात तिथे तो नसलाच पाहिजे. घर विकताना, सोडताना किंवा वस्तू दुसऱ्याला देताना फॅक्टरी रीसेट करून अकाउंटमधूनही काढून टाका, आणि नवीन घरात गेलात तर आधीच्यांचं कुलूप आणि कॅमेरे कुणाच्या नावावर आहेत ते आधी तपासा.

म्हाताऱ्या आईवडिलांसाठी सेन्सर लावत असाल तर कुठली खोली, कशाची सूचना जायची आणि कुणाला जायची हे त्यांना ठरवू द्या. "सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही तर मुलीला कळव" एवढं पुरतं, रात्री कितीदा उठले याचा ग्राफ चार भावंडांच्या फोनवर जायची गरज नाही. आणि तो ग्राफ आला की फोन करणं कमी होतं हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता आधीच सांगून ठेवतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. जोडीदार किंवा आधीचा जोडीदार या वस्तूंमधून पाळत ठेवतोय असा संशय असेल तर रागाच्या भरात सगळं एकदम काढू नका. सापडलेला टॅग फेकला, कॅमेरा तोडला, पासवर्ड बदलला की समोरच्याला लगेच कळतं आणि तो आणखी चवताळू शकतो, वर पुरावाही जातो. आधी स्क्रीनशॉट, फोटो, तारखा असं सगळं सुरक्षित ठिकाणी ठेवा, मदत शोधताना तुमच्या नेहमीच्या फोनऐवजी ज्याच्यापर्यंत तो पोचू शकत नाही असा फोन वापरा, आणि या विषयातल्या संस्थेशी किंवा वकिलाशी बोलून मग क्रम ठरवा.

आमच्या व्यवसायातल्या लोकांकडे माझी मागणी एकच आहे आणि ती मी प्रत्येक डिझाइन रिव्ह्यूमध्ये मांडतो. वस्तूने माणसांची नोंद ठेवली तर ती नोंद कुणी उघडून बघितली याचीही नोंद ठेवा, आणि ती घरातल्या सगळ्यांना दिसू द्या, नुसत्या अ‍ॅडमिनला नाही. "काल रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी बाहेरून कॅमेरा उघडला गेला" एवढी ओळ भिंतीवरच्या पॅनलवर दिसली तरी बघणाऱ्याचं वागणं बदलतं. तांत्रिकदृष्ट्या हे एका आठवड्याचं काम आहे, सर्व्हरकडे ती माहिती आजही असतेच. ते होत नाही कारण पैसे देणारा अ‍ॅडमिन असतो, आणि बाकीच्यांना कुणी ग्राहक म्हणून मोजत नाही.